खाज शिकायला निघालेली डॉक्टरीण

कोसंबटोल्यात बातमी आणली नीलाबाईनं, पण तिला शिंगं फुटली ती कुंताबाईच्या ओट्यावर. नीलाबाई गावातल्या सरकारी दवाखान्यातली सिस्टर. ती बोलली ते एवढंच की, आपल्या संघप्रिया मॅडम पुढचं शिकायला नागपूरला जायचं म्हणतायत, त्वचेच्या रोगांचं शिकायला. ओट्यावरून बातमी उठली आणि तलावाच्या पाळीवरून फिरून परत आली, तोवर तिचं असं झालं होतं की डॉक्टरीणबाई खाज शिकायला चालल्या.

"खाज?" कुंताबाईनं तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा या गालातून त्या गालात सरकवला. "खाज शिकाले नागपूर कायले लागते वो? काखेत कळसा अन् गावाले वळसा!"

ओट्यावरच्या बायका हसल्या. कुंताबाई मात्र हसली नाही. ही डॉक्टरीण येण्याआधी दवाखान्याला डॉक्टर म्हणून एक कुलूप होतं आणि ते तिनं पाहिलेलं होतं. गेल्या पावसाळ्यात तिच्या नातीला साप चावला, तेव्हा भर पावसात जीपमध्ये मांडीवर पोर घेऊन कुरखेड्याच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत गेलेली बाई हीच. असली डॉक्टर खाजेपायी घालवायची म्हणजे गावाची नाचक्कीच होती.

आता संघप्रियाची बाजूही ऐकून घेतली पाहिजे, कारण ती स्वतः ती कुणाला धड सांगत नसे. तिला झोप हवी होती. बस. दवाखान्याशेजारच्या क्वार्टरचं दार तीन वर्षं अपरात्री वाजत आलं होतं. कधी बाळंतीण, कधी विंचू, कधी तापानं फणफणलेलं पोर, आणि मंडईच्या जत्रेच्या दिवसांत डोकी फोडून घेतलेले दोन्ही पक्ष एकाच बाकावर. डॉक्टरलोकांत एक जुनी थट्टा आहे की, त्वचारोगाचा पेशंट मरत नाही, मध्यरात्री उठवत नाही आणि पुरता बरा होऊन कायमचा सोडूनही जात नाही. म्हणून देशातली सगळी हुशार पोरं या शाखेमागे हात धुऊन लागलेली असतात. जागा मूठभर, आणि मागणारे अख्खी जत्रा. झोप हवी असण्यात लाजण्यासारखं काही नाही, पण संघप्रियाला लाज वाटायची. म्हणून कुणी विचारलं की ती गंभीर चेहरा करून सांगायची, "मला त्या विषयात रस आहे."

हा रस तिच्या बाबांना, गुणवंतरावांना, बिलकुल कळत नव्हता. ते गडचिरोलीत पोस्टातून निवृत्त झालेले. घराच्या फाटकावर मुलीच्या नावाची पाटी कुठं लावायची ती जागासुद्धा त्यांनी रंगवून ठेवली होती.

"बेटा, हृदय घे ना," ते फोनवर म्हणायचे. "हृदयरोगतज्ज्ञ! पाटी कशी भरल्यासारखी दिसते. त्वचारोग लिहिलं तर लोक फाटकापासूनच खाजवत येतील."

"बाबा, हृदयवाल्यांना रात्री उठावं लागतं."

"तर मग काय झालं? हृदय काय दिवसाच बंद पडते का?"

परीक्षेची ही तिची तिसरी खेप. दुर्गम भागात नोकरी केली म्हणून सरकार जे वाढीव मार्क देतं, ते या खेपेला तिच्या पदरात पडले होते. तेवढ्यानं ती त्वचारोगाच्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती, आत नाही. प्रवेशाच्या पहिल्या फेरीत तिला हवं ते मिळालं नाही. दुसऱ्या फेरीची यादी याच आठवड्यात लागायची होती, आणि यंदा नाही झालं तर पुन्हा बसायचं नाही, असं तिनं बाबांना आणि त्याहून जास्त स्वतःला सांगून ठेवलं होतं. पुस्तकं उशाशी घेऊन झोपायचा, किंवा न झोपायचा, तिला कंटाळा आला होता.

इकडे कुंताबाईनं ओट्यावर विचार लढवला. ती ढिवराची लेक आणि ढिवराची सून, तिचा हिशेब पाण्याचा होता. "ढिवर जाळं कुठी टाकते? जिथी मासोळी हाय तिथी. आता ह्या बाईले पायजे खाज. इथी दिसत नाई, म्हनून नागपूरले चालली. अन् दिसंन कशी? खाजेपायी कोनी दवाखान्यात जाते का आपल्यातलं? कडूनिंबाचा पाला लावते अन् खाजवत बसते. मंग बाईले वाटनारच ना, का ह्या गावात कामच नाई!"

हे सगळ्यांना पटलं. गावातल्या शहाणपणाचं असंच असतं. त्यात एकही चुकीचं वाक्य सापडत नाही, आणि तरी ते सरळ खड्ड्यात नेतं.

सोमवारी संघप्रियानं ओपीडीचं दार उघडलं तर रांग फाटकाबाहेर. पहिल्याच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज. दुसऱ्याच्या मानेवर नायटा. तिसरीच्या टाचांना अशा भेगा की त्यात चवन्नी उभी राहावी. कोंडा, चामखिळी, घामोळं, चांदीच्या पैंजणाखालची खाज. तालुकाभर सर्वेक्षण केलं असतं तरी एवढं एका जागी गोळा झालं नसतं. संघप्रिया हरखून गेली. पुस्तकातल्या फोटोंवरून जे जे पाठ केलं होतं ते ते समोर बाकावर बसून "बाई, इथी पाहा" म्हणत होतं. दुपारी ती न जेवताच पेशंट तपासत राहिली आणि नीलाबाईला म्हणाली, "सिस्टर, इथं एवढे त्वचारोग आहेत आणि मला तीन वर्षांत कळलं नाही!"

नीलाबाईला सगळं माहीत होतं. ती मलमाच्या ट्यूबा मोजत राहिली आणि "हो ना मॅडम" एवढंच म्हणाली.

पण खाज झाली तरी किती पुरणार? मंगळवारी संध्याकाळपर्यंत गावातला खरा माल संपला. आणि बुधवारी सुरू झाली गजकर्णं. एकामागून एक, सगळी देखणी. कडा लाल, मध्ये किंचित फिकट, गोल तर इतकी की बांगडी ठेवून आखावीत. निकेश नावाच्या ट्रॅक्टरवाल्या तरण्याबांड पोरानं डावा हात पुढं केला, तिनं मलम दिलं. गुरुवारी तो "फरक नाई पडला" म्हणत परत आला आणि त्यानं उजवा हात पुढं केला.

संघप्रियानं त्याचा उजवा हात पाहिला, मग डावा पाहिला. डावा हात लहान बाळाच्या गालासारखा स्वच्छ होता.

"निकेश, खाजतं कुठं?"

निकेश विचारात पडला. त्यानं दाराबाहेर बसलेल्या कुंताबाईकडे पाहिलं. मग अंदाजानं पोट खाजवलं.

संघप्रियानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि गजकर्णावरून एकदा फिरवला. गजकर्ण बोळ्यावर आलं. वैद्यकशास्त्रात एवढा झटपट गुण कुणाला आला नसेल. तिनं बाहेरच्या बाकावरच्या सगळ्यांना आत बोलावून ओळीनं उभं केलं आणि बोळे फिरवत गेली. एकेक जण बरा होत होता आणि मान खाली घालत होता.

"हे कुणी केलं?"

"देवाजीनं," कुंताबाई उठून उभी राहिली. खोटं बोलायची वेळ टळली की ती फार बाणेदार व्हायची. "मेकपवाला देवाजी. पन त्याले सांगतलं आम्ही. तुमी खाजेपायी चालल्या ना? मंग म्हटलं, इथीच करून देऊ."

संघप्रियाला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा ती खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिनं समजावून सांगितलं की खाज कमी पडते म्हणून कुणी जात नसतं, ही शिक्षणाची जागा असते, त्यासाठी परीक्षा असते, मार्क लागतात.

"अन् ते मार्क कुठून आले?" कुंताबाई म्हणाली. "नीलाबाई सांगे, का जंगलात नोकरी केली म्हनून सरकारनं वरून मार्क देल्ले. जंगल कोनाचं? साप कोनाचे? बाळंतपनं कोनाची? आमच्या मार्कावर तुमी आमालेच सोडून चालल्या!"

हे संघप्रियाला वर्मी लागलं. वर्मी लागलं की तिला राग येई, आणि राग काढायला सोयीचं माणूस समोर नसलं की ती ते बोलावून घेई. "देवाजीभाऊंना पाठवा," ती म्हणाली.

देवाजी म्हणजे झाडीपट्टीच्या, या जंगलपट्ट्यातल्या, नाटकांचा मेकपवाला. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, वडशाच्या कंपन्यांची नाटकं रात्रभर चालतात, तेव्हा हा माणूस रोज एका निराळ्या गावात राजे, सावकार आणि सासवा रंगवत असतो. बायको गेलेली, घरी एकुलती मुलगी डिंपल. बारीक अंगाचा, पन्नाशी उलटलेला, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालणारा, कमी बोलणारा. तो आला आणि बाकाच्या टोकाला बसला.

संघप्रियानं रीतसर झाडायला सुरुवात केली. सरकारी दवाखाना म्हणजे नाटकाचा मांडव आहे का? एवढी मलमं फुकट गेली, ती कुणी भरून द्यायची? देवाजी "चुकलं बाई" म्हणत होता. त्याची शरमलेली मुद्रा पाहून तिचा राग ओसरला आणि पुन्हा हसू यायला लागलं.

"पण भाऊ, हात मात्र कसबी हो तुमचा. पहिल्या दिवशी मीही फसले. दाखवा बरं, कोणता रंग वापरता?" असं म्हणत तिनं त्याचा हात ओढून उजेडात धरला.

हाताला रंग होताच. गव्हाळ, चोपून बसवलेला. तिच्या अंगठ्याखाली तो थोडा सरकला आणि खाली दुधासारखं पांढरं दिसलं.

"अरे वा, हेही रंगवलंत? स्वतःलाही सोडलं नाही!" ती हसत म्हणाली आणि हातातला बोळा त्यावरून फिरवला.

गव्हाळ रंग निघून आला. पांढरा निघेना. तिनं पुन्हा फिरवला, पांढरं वाढतच गेलं. बोटांची टोकं, मनगट, बाहीच्या आतपर्यंत. सकाळपासून तिनं पुसून पुसून रोग घालवले होते. हा पुसल्यावर वर येत होता.

देवाजीनं हात मागे घेतला नाही. "ते नाई निंगत, बाई," तो म्हणाला. "म्या लय घासून पाह्यलं."

नीलाबाईनं न सांगता दार लावून घेतलं.

संघप्रियाला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. हसू अजून ओठांवरच होतं आणि ते कुठं ठेवावं तिला कळेना. तिनं कापसाची एक बारीक वात केली, त्याला डोळे मिटायला सांगितले आणि पांढऱ्या डागांवर ती हलकेच टेकवत गेली. "कळतं का? आता कळतं? आता?"

"कळते. हो. कळते."

"मग हा महारोग नाही, भाऊ, त्यात डाग बधिर होतो. हे कोड आहे."

देवाजीनं डोळे उघडले. डिंपल आईच्या पोटात होती तेव्हा पहिला डाग आला, तो सांगू लागला. लोक महारोग म्हणतील, पोरीला कुणी करणार नाही, म्हणून कुणाला दाखवला नाही. मेकपचं काम त्यासाठीच धरलं. रंग हाताशी राहतो आणि रंगलेल्या हातांबद्दल मेकपवाल्याला कुणी विचारत नाही. पण दुसऱ्याला लागू नये म्हणून नटांच्या तोंडाला त्यानं कधी बोट लावलं नाही. काडीला स्पंज बांधून लांबून रंगवायचा. कंपनीत सगळे म्हणायचे, देवाजीचे नखरे पाहा, केवढा मोठा कलावंत!

"तीन वर्षांत मला का दाखवलं नाहीत?"

"तुमी ताप-सापाच्या डॉक्टर. मंग आइकलं, का बाई कातड्याचं शिकनार हाये. म्हटलं, इथीच रायल्या, तं एखाद दिवशी हिंमत करीन. म्हनून कुंताबाईनं सांगतल्यावर म्या ते गजकर्न काढून देल्ले." मग त्यानं आवाज खाली आणला. "शिवल्यानं लागते का, बाई? पोरीले?"

"नाही."

"कधीच नाई?"

"कधीच नाही. शिवल्यानं नाही, कशानंच नाही."

न शिवता जगणं म्हणजे काय, हे संघप्रियाच्या घरात पुस्तकातून कळलेलं नव्हतं. तिच्या आजोबांनी विहिरीपासून लांब उभं राहून पाणी मागितलेलं होतं. पण आजोबांना लोकांनी लांब उभं केलं होतं. या माणसाला कुणी काही म्हटलंच नव्हतं, तो आपला आपण जाऊन बाहेर उभा राहिला होता, आणि तिच्या दवाखान्यापासून हाकेच्या अंतरावर. तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, आणि मग नुसतंच वाईट वाटलं.

आता औषधाचं सांगायला हवं होतं. बोटांच्या टोकांवरचं, मनगटावरचं जुनं कोड उपचारांना दाद देतं का? हा प्रश्न परीक्षेत आला होता. चार पर्यायांतून तिनं बरोबर पर्याय निवडला होता आणि त्याचे मार्क तिला मिळाले होते. उत्तर होतं, सर्वांत कमी दाद देतं. त्या दिवशी हॉलबाहेर येऊन हा प्रश्न बरोबर आला म्हणून तिनं मैत्रिणीला टाळी दिली होती.

"भाऊ, खोटी आशा लावत नाही," ती म्हणाली. "हातावरचा रंग परत येणं कठीण आहे. नागपूरला काही उपचार आहेत, पण मला त्यातलं नीट येत नाही. आत्ता तुम्हाला द्यायला माझ्याकडे काही नाही."

देवाजी हाताकडे पाहत बसला. मग म्हणाला, "नाई लागत, एवढं पक्कं ना?"

"पक्कं."

त्यानं बाही खाली ओढली, नीलाबाईकडून कापूस मागून घेतला, खिशातल्या डबीतला रंग काढून हात पुन्हा गव्हाळ केला आणि रामराम करून गेला.

त्या संध्याकाळी यादी लागली. गावात नेट तलावाच्या पाळीवर मिळतं, तेही त्याच्या मर्जीनं. संघप्रिया पाळीवर मोबाइल उंच धरून फिरत होती तेवढ्यात गुणवंतरावांचा फोन आला. त्यांनी गडचिरोलीत बसून तिच्याआधीच पाहिलं होतं.

"जय भीम, बेटा. लागला नंबर!"

"कशात?"

"त्याच्यातच. तुझ्या त्या कातड्यात." त्यांचा आवाज जड झाला होता, तो लपवायला ते भराभर बोलू लागले. "हृदय नाही तर नाही. बाहेरून सुरुवात कर, आत हळूहळू जाता येईल. पाटीवर 'त्वचारोगतज्ज्ञ' बसते, मी अक्षरं मोजून पाहिली. आता तरी झोपशील ना?"

संघप्रिया हो म्हणाली. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली ते हातात आलं होतं. ती पाळीवर बसून थोडी रडली, थोडी हसली, आणि एवढ्या आनंदातही तिला सारखा तो कापसाचा बोळा आठवत राहिला. जागा मिळाली की मोकळं वाटेल असं तिनं धरून ठेवलं होतं. तसं काही वाटेना. काहीतरी अंगावर घेतल्यासारखं वाटत होतं.

गावानं बातमी पचवायला एक रात्र घेतली. तालुक्याहून सुटकेचा कागद आला, बदली डॉक्टर पुढच्या आठवड्यात येणार असं कळलं, आणि कोसंबटोल्यानं शेवटी तेच केलं जे हरलेला पक्ष करतो. सगळे निरोपाला जमले आणि जणू आपणच पाठवतोय असा आव आणला. एसटीच्या थांब्यावर कुंताबाईनं सुकवलेल्या मासोळीचं गाठोडं संघप्रियाच्या हातात दिलं. "नागपूरच्या मोठ्या डॉक्टराइले खाऊ घाला. म्हना, आमच्या गावाची हाय. वास आला तं येऊ द्या." निकेशनं ट्रंक उचलून बसच्या टपावर चढवली. त्याचे दोन्ही हात स्वच्छ होते, आणि सगळ्यांनी ते वाकून वाकून पाहिले.

देवाजी आला नव्हता. रात्री सावली गावाकडे नाटक होतं, अजून परतला नसेल, कुणीतरी म्हणालं. बसचं इंजिन सुरू झालं. तेवढ्यात डिंपल पळत आली आणि खिडकीची दांडी धरून उभी राहिली. तिला धाप लागली होती.

"बाई, बाबाले काय औषध देल्लं तुमी?"

संघप्रिया दचकली. "का गं? काय झालं?"

"काही झालं नाई. काल नाटकाले जायच्या आधी बाबा माह्यासंग जेवले. माह्या ताटात! मले कळते तवापासून बाबा येगळेच बसते, तोंड फिरवून. काल आले, माह्याजवळ बसले अन् माह्या ताटातला घास उचलला. मंग माह्या डोक्यावर हात ठेवला, अन् ठेवूनच बसले." पोरीचे डोळे भरून आले होते आणि ती हसतही होती. "कोनतं औषध हाय ते? संपलं तं कुठी भेटंन?"

कंडक्टरनं घंटी मारली. संघप्रियानं खिडकीतून हात बाहेर काढून डिंपलचा हात घट्ट धरला. 

"अगं, मी काहीच दिलं नाही," ती म्हणाली. "ते शिकायलाच तर चाललेय."